डांझिग हे निमित्त होते!

मालवण असो, कुडाळ असो की कणकवली, एस.टी. स्टँडाबाहेर पुस्तकांची गाडी लागली की तिच्यावर राशिभविष्य, 'इंग्रजी बोलायला शिका' आणि हिटलरचे आत्मचरित्र ही तीन पुस्तके हमखास सापडतात. पहिल्या दोन पुस्तकांबद्दल आमची फारशी तक्रार नाही. तिसरे मात्र आमची पोरे विकत घेतात, निदान त्याची पहिली पन्नास पाने वाचतात आणि मग प्रबोधन शिबिरात उभी राहून विचारतात, "सर, जर्मनीवर अन्याय झाला होता ना? पोलंडने त्यांचा मुलूख बळकावला होता ना? मग हिटलरने तो परत घेतला तर त्यात त्याचे चुकले काय?"

गावातल्या इतर वाड्यांत हा प्रश्न जुना आहे. तिथे हिटलरचे कौतुक तीन पिढ्या चालत आले आहे. पण गळ्यात निळा पट्टा घातलेला पोरगा जेव्हा हाच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला हसून खाली बसवता येत नाही. 2004 साली गुजरात राज्याच्या शालेय पाठ्यपुस्तकात नाझी राजवटीची भलामण केल्याचे वृत्तपत्रांतून गाजले होते. ते पुस्तक तिकडचे होते, पण वारा इकडेही तोच वाहतो आहे. म्हणून 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये का घुसल्या, याची राजकीय कारणे नीट मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. वकिलीच्या धंद्यामुळे आम्हाला कागद पाहिल्याशिवाय बोलायची सवय नाही, आणि या प्रकरणात सुदैवाने कागद भरपूर आहेत. न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते ढिगाने दाखल झाले.

आधी मालकीहक्काचा मुद्दा घेऊ. कोर्टात जमिनीचा दावा लागला की पक्षकार आपल्याला सोयीच्या सालापासूनचा सातबारा दाखवतो. हिटलर 1919 पासूनचा सातबारा दाखवत होता. व्हर्सायच्या तहाने जर्मनीकडून मुलूख गेला, समुद्राकडे जाणारी पट्टी पोलंडला मिळाली, डांझिग बंदर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली स्वतंत्र नगर झाले. हे सारे खरे आहे. पण जुना फेरफार काढून पाहिला तर काय दिसते? 1772, 1793 आणि 1795 अशा तीन वाटण्यांत मिळून प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी पोलंड वाटून खाल्ले. शेवटच्या वाटणीनंतर तो देश नकाशावर उरलाच नाही, तो 1918 पर्यंत. ज्या पट्टीसाठी जर्मनी गळा काढत होता, ती प्रशियाने याच लुटीत घेतली होती आणि तिथली बहुसंख्य वस्ती पोलिश होती. डांझिग शहरात जर्मन बहुसंख्य होते, म्हणूनच ते पोलंडलाही दिले नव्हते. लुटीचा माल परत द्यावा लागला म्हणून चोराला वाटणारे दुःख खरे असू शकते. पण त्या दुःखातून हक्क निर्माण होत नाही.

व्हर्सायच्या तहात अन्याय नव्हताच असे आम्ही म्हणत नाही. 1921 साली जर्मनीवर 132 अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई लादली गेली, ती अव्वाच्या सव्वा होती. 1923 मध्ये मार्कची किंमत इतकी कोसळली की पगार आणायला माणसे टोपल्या घेऊन जात. मात्र एक गोष्ट पोरांनी लक्षात ठेवावी. 1939 पर्यंत यातले फारसे काही शिल्लक नव्हते. नुकसानभरपाई 1932 मध्येच जवळजवळ बुडाली होती, फौजेवरची बंधने हिटलरने 1935 मध्ये उघडपणे झुगारली होती, ऱ्हाईनलँडमध्ये त्याने 1936 साली फौजा नेल्या होत्या, ऑस्ट्रिया मार्च 1938 मध्ये गिळला होता. म्हणजे जखम भरत आली तेव्हा तलवार उपसली गेली. मग कारण जखमेचे कसे असेल?

कारण जुने होते आणि ते जमिनीत होते. एल्बे नदीच्या पूर्वेला प्रशियाचे मोठे जमीनदार होते, त्यांना युंकर म्हणत. आमच्या कोकणातल्या माणसाला युंकर म्हणजे काय हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. युंकर म्हणजे खोत. शेकडो एकरांची इस्टेट, राबायला पोलिश मजूर, मुलगा फौजेत अधिकारी, भाऊ सरकारात. 1886 साली बिस्मार्कच्या सरकारने खास मंडळ नेमून पोलिश लोकांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवण्याचा उद्योग सुरू केला. पोलिश माणूस जमिनीवर राबलेला चालेल, पण जमिनीचा धनी झालेला चालणार नाही, हे धोरण हिटलरच्या जन्माआधीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला तेव्हा या वर्गाला बसलेला धक्का आपल्या खोतांना कुळकायद्याने बसलेल्या धक्क्यासारखा होता. कालपर्यंत ओटीखाली उभा राहणारा आज स्वतःचे राज्य, स्वतःचे सैन्य, स्वतःचा झेंडा घेऊन समोर उभा! 1922 साली जर्मन सेनापती झेक्ट याने आपल्या टिपणात पोलंडचे अस्तित्वच असह्य आहे असे नमूद केले. तेव्हा हिटलर म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये भाषणे ठोकणारा एक किरकोळ पुढारी होता. 1925 च्या लोकार्नो करारात जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियमच्या सरहद्दी मान्य केल्या, पण पोलंडची सरहद्द कायम मानायला नकार दिला. तो करार करणारे लोक सभ्य, सुशिक्षित, लोकशाहीवादी म्हणवणारे होते. पोलंडला खाली पाहणे हा सर्व पक्षांचा समान कार्यक्रम होता. हिटलरने त्याला फक्त दात लावले.

इथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात महार होता, कुणबी होता, मराठाही होता. विधेयक काँग्रेस राजवटीत धूळ खात पडले. खोती जायला 1949 चा कायदा यावा लागला. पण बाबासाहेबांना जे दिसत होते ते जर्मनीच्या लोकशाहीवाद्यांना दिसले नाही. वायमार प्रजासत्ताकाने युंकरांच्या इस्टेटींना हात लावला नाही. उलट कर्जबाजारी युंकरांना सरकारी तिजोरीतून मदत मिळत राहिली आणि जानेवारी 1933 मध्ये त्या मदतीतला घोटाळा बाहेर येऊ लागला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग स्वतः त्याच वर्गातला. 30 जानेवारी 1933 रोजी त्याने हिटलरला चॅन्सेलर नेमले. 'हिटलरला जनतेने निवडून दिले' हे अर्धसत्य पोरांच्या तोंडी असते, म्हणून आकडे सांगतो. 1928 साली नाझी पक्षाला 2.6 टक्के मते होती. मंदी आली, बेकार साठ लाखांवर गेले, आणि जुलै 1932 मध्ये मते 37.3 टक्क्यांवर पोहोचली. नोव्हेंबर 1932 मध्ये ती 33.1 टक्क्यांवर घसरली. पक्ष उतरणीला लागला असताना जमीनदार, भांडवलदार आणि दरबारी मंडळींनी त्याला मागच्या दाराने आत घेतले. आपण याला नाचवू, असा त्यांचा हिशेब होता.

1943 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात बाबासाहेबांनी संसदीय लोकशाहीवर जे भाषण केले, ते आमच्या मते या विषयावरचे भारतीय माणसाने केलेले सर्वात खोल विवेचन आहे. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, युद्ध ऐन भरात होते. अशा वेळी हिटलरला नुसत्या शिव्या घालून टाळ्या मिळवता आल्या असत्या. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. इटली, जर्मनी, स्पेन इथे संसदीय लोकशाही इतक्या सहज का कोसळली? आणि इंग्लंड-अमेरिकेत ती का टिकली? त्यांचे निदान असे की जिथे राजकीय लोकशाहीच्या खाली सामाजिक आणि आर्थिक लोकशाहीचे स्नायू नव्हते, तिथे वरचा सांगाडा पहिल्याच धक्क्याला पडला. स्वातंत्र्याचा जप झाला, समतेकडे पाठ फिरवली गेली. हे निदान जर्मनीला लावून पाहा. एका बाजूला मतपेटी, दुसऱ्या बाजूला युंकराचा वाडा. त्यांच्यामध्ये साठ लाख बेकार. या बेकारांना आर्थिक समता द्यायची नसेल तर काय द्यायचे? एक शत्रू द्यायचा घरातला, तो ज्यू. आणि एक मुलूख दाखवायचा शेजारचा, तो पोलंड. घरातली जमीन न वाटता भुकेल्याला जमिनीचे आश्वासन द्यायचे असेल तर ती जमीन सरहद्दीपलीकडेच असावी लागते. 'राहण्यासाठी जागा' या नाझी सिद्धांताचे साधे मराठी भाषांतर हे आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वायमारच्या राज्यघटनेतील कलम 48 ने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत मूलभूत हक्क गोठवण्याचा अधिकार दिला होता. 27 फेब्रुवारी 1933 रोजी संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी याच कलमाखाली भाषण, सभा, वृत्तपत्रे, व्यक्तिस्वातंत्र्य सारे गोठले. 23 मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा संसदेने मंजूर केला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते. विरोधात मत द्यायला उभे राहिले फक्त समाजवादी, 94 जण. 444 विरुद्ध 94! संसदेने संसदेचाच गळा नियमानुसार आवळला. यानंतर युद्ध करायचे की नाही हे विचारायला कोणी उरले नव्हते. स्वतःच्या नागरिकांना जाब द्यावा लागत नाही असे राज्य शेजाऱ्याला जाब देईल, ही अपेक्षाच चुकीची. आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदी चर्चेला आल्या तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारचा दाखला देऊन धोक्याचा इशारा दिला होता. 1975 मध्ये तो खरा ठरला आणि 1976 साली सर्वोच्च न्यायालयात बहुसंख्य न्यायमूर्तींनी मान डोलावली असताना न्या. ह. रा. खन्ना एकटे वेगळे मत लिहून गेले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले आणि कलम 20 व 21 आणीबाणीतही अबाधित ठेवले. ही दुरुस्ती आमच्या पोरांना पाठ असायला हवी. हिटलरची पहिली पन्नास पाने त्यानंतर वाचली तरी चालतील.

आता 1938-39 चे प्रत्यक्ष राजकारण. जानेवारी 1934 मध्ये हिटलरने पोलंडशी दहा वर्षांचा अनाक्रमणाचा करार केला होता. तेव्हा डांझिग तिथेच होते, पट्टीही तिथेच होती. फक्त जर्मन फौज तयार नव्हती! फौज तयार झाल्यावर 28 एप्रिल 1939 रोजी त्याने तो करार फाडला. मधल्या काळात काय घडले? म्युनिक घडले. 29 सप्टेंबर 1938 रोजी चेंबरलेन, दलादिये, मुसोलिनी आणि हिटलर हे चौघे एकत्र बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रदेश जर्मनीला देऊन मोकळे झाले. ज्याचा मुलूख कापला गेला त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत जागाही नव्हती. ही बैठक आम्ही ओळखतो. अत्याचार झाला की संध्याकाळी पाटलाच्या पडवीत चार प्रतिष्ठित बसतात, तंटामुक्तीचा कागद होतो, आणि ज्याचे घर जळाले त्याला बाहेर उभे करून सही मागितली जाते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा कायद्याने तडजोडपात्र नाही, हे आम्ही अशा पडवीत किती वेळा सांगितले याची मोजदाद नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात, वेगळ्या वादाच्या संदर्भात का होईना, खुशामत आणि तोडगा यांत एक नेमका फरक केला आहे. खुशामतीला मर्यादा नसते, आक्रमकाला जितके द्याल तितकी त्याची भूक वाढते. तोडगा दोन्ही बाजूंना ओलांडता न येणारी रेषा आखतो. म्युनिकमध्ये रेषा आखली गेली नाही. 15 मार्च 1939 रोजी जर्मन रणगाडे प्रागमध्ये होते.

पोलंडचे सरकारही धुतल्या तांदळासारखे नव्हते. चेकोस्लोव्हाकिया तुटत असताना ऑक्टोबर 1938 मध्ये त्यानेही तेशेनचा तुकडा तोडून घेतला. शेजाऱ्याचे घर लुटले जात असताना त्याचा पाटा-वरवंटा उचलून आणण्यासारखेच ते. वर्षभरात आपली पाळी येईल हे वॉर्साच्या कर्नल मंडळींना सुचले नाही.

31 मार्च 1939 रोजी ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली. तीनच दिवसांनी, 3 एप्रिलला, जर्मन फौजेला हल्ल्याची तयारी 1 सप्टेंबरपर्यंत पूर्ण करण्याचे आदेश निघाले. तारीख नीट पाहा. पोलंडने काय आगळीक केली, डांझिगमध्ये काय घडले, हे पुढचे पाच महिने वृत्तपत्रांत येत राहिले. हल्ल्याचा दिवस मात्र आधीच ठरला होता. 23 मे 1939 रोजी हिटलरने आपल्या सेनापतींना बोलावून जे सांगितले त्याचे टिपण त्याच्या लष्करी साहाय्यकाने केले होते, ते न्यूरेंबर्गला पुरावा म्हणून दाखल झाले. त्यात तो स्वतःच म्हणतो की प्रश्न डांझिगचा नाहीच, पूर्वेकडे जागा वाढवण्याचा आणि अन्नपुरवठा पक्का करण्याचा आहे. आरोपीने दिलेली याहून स्पष्ट कबुली कोणत्या फौजदारी वकिलाला हवी असते? तरीही आमच्या पोरांना वाटते की भांडण डांझिगचे होते. म्हणजे आरोपीने आपला बचाव सोडून दिल्यावरही त्याचे चाहते तो चालवताहेत!

शेवटची अडचण रशियाची होती. ती 23 ऑगस्ट 1939 रोजी दूर झाली. फॅसिझमविरुद्ध जगाला भाषणे देणाऱ्या स्टॅलिनने हिटलरशी करार केला आणि गुप्त कलमात पोलंड दोघांनी वाटून घ्यायचे ठरले. पोलंडची ही चौथी वाटणी. आमच्याकडच्या कम्युनिस्ट मित्रांना हे पान उघडायला आवडत नाही. 1939 मध्ये त्यांनी या युद्धाला साम्राज्यवादी म्हटले आणि जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर तेच युद्ध लोकयुद्ध झाले. मॉस्कोचे घड्याळ पाहून मुंबईत वेळ सांगणारे हे लोक बाबासाहेबांना ब्रिटिशधार्जिणे म्हणत होते, हे जाता जाता नमूद करतो.

आणि मग ग्लायविट्झ. अत्याचाराच्या प्रकरणांत काम केलेल्या कार्यकर्त्यांना 'क्रॉस केस' म्हणजे काय ते सांगायला नको. वस्तीवर हल्ला करायचा आणि पोलिस ठाण्यात आधी आपणच जाऊन वस्तीतल्या लोकांनी दरोडा घातला, विनयभंग केला, अशी फिर्याद द्यायची. खैरलांजीत 2006 साली माणसे मारल्यावर त्या कुटुंबाच्या चारित्र्यावर काय काय बोलले गेले, ते आठवा. 31 ऑगस्ट 1939 च्या रात्री जर्मन सरहद्दीवरच्या ग्लायविट्झ रेडिओ केंद्रावर 'पोलिश' लोकांनी हल्ला केला, पोलिश भाषेत घोषणा केली. हे पोलिश लोक नाझी सुरक्षा दलाची माणसे होती. आधीच पकडून ठेवलेल्या एका माणसाला इंजेक्शन देऊन आणून त्या दारात टाकले होते, पुरावा म्हणून. त्या तुकडीचा प्रमुख नाउयोक्स याने 1945 मध्ये शपथपत्रावर हे सारे सांगितले. आणि हल्ल्याच्या सुमारे दहा दिवस आधी, 22 ऑगस्टला, हिटलरने सेनापतींना सांगूनच टाकले होते की युद्धाला प्रचारी कारण मी पुरवीन, ते खरे वाटते की नाही याची फिकीर नको, जिंकणाऱ्याला कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फौजा घुसल्या आणि तो संसदेत म्हणाला की आम्ही फक्त उत्तर देत आहोत. इतिहासातली सर्वात मोठी क्रॉस केस! 17 सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन फौजाही आल्या.

मुलूख जिंकल्यावर त्याने पोलिश माणसाचे काय केले, त्यावरून हेतू कळतो. 6 नोव्हेंबर 1939 रोजी क्राकोव्ह विद्यापीठाच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली एकत्र बोलावून अटक करून छळछावणीत पाठवले. शिक्षक, वकील, पाद्री, अधिकारी यांना वेचून मारले. मे 1940 मध्ये हिमलरने पूर्वेकडच्या परकीय लोकांना कसे वागवावे याचे टिपण तयार केले. त्यात या मुलांसाठी चार इयत्तांची शाळा पुरे, असे आहे. 500 पर्यंत आकडे मोजता यावेत, स्वतःचे नाव लिहिता यावे, आणि जर्मनांची आज्ञा पाळणे ही ईश्वराची आज्ञा आहे हे शिकवावे. वाचायला येण्याची गरज त्याला वाटत नाही.

हे वाक्य वाचून आंबेडकरी घरातला माणूस दचकतो तो वेगळ्याच कारणाने. हे त्याला नवे वाटत नाही! वाचायचे नाही, शस्त्र धरायचे नाही, धन साठवायचे नाही, वरच्याची सेवा हाच देवाने नेमून दिलेला धर्म, हा मजकूर आमच्या पूर्वजांसाठी कोणी आणि किती शतके आधी लिहिला होता? मार्च 1940 च्या फर्मानाने जर्मनीत राबायला नेलेल्या पोलिश मजुरांच्या कपड्यावर पिवळ्या चौकटीत जांभळे 'पी' अक्षर शिवले गेले. जर्मनांच्या देवळात यायचे नाही, गुत्त्यात बसायचे नाही, जर्मन स्त्रीशी संबंध आला तर फाशी. पेशवाईत आमच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते. बाबासाहेबांनी 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' या लिखाणात हा धागा पकडला आहे. नाझी मंडळी ज्या नित्शेला आपला गुरू म्हणत होती, त्या नित्शेने मनूची तोंड भरून स्तुती केली होती. नित्शे स्वतः जर्मन राष्ट्रवादाचा भक्त नव्हता आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचा वापर इतरांनी केला, हे मान्य. पण माणसांची उतरंड हाच निसर्गनियम, या कल्पनेला मनूइतका जुना साक्षीदार त्याला युरोपात सापडला नाही, हेही तितकेच खरे. नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांबाबतचा सनातनी व्यवहार यांची जात एकच आहे असे बाबासाहेब म्हणत, ते काही रागाच्या भरात म्हणत नव्हते.

म्हणूनच आपल्याकडचे हिटलरप्रेम अपघाताने आलेले नाही. डॉ. मुंजे 1931 च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, त्याच्या युवक संघटना पाहून भारावले आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. रत्नागिरीतील स्थानबद्धतेतून 1937 साली सुटलेले सावरकर पुढच्याच वर्षी पुण्यात सांगत होते की नाझीवाद स्वीकारण्याचा जर्मनीला पूर्ण अधिकार आहे. सुदेतनच्या प्रश्नावर त्यांनी जर्मनीची बाजू उचलून धरली. गोळवलकरांचे राष्ट्रीयत्वाची व्याख्या करणारे पुस्तक 1939 साली, म्हणजे पोलंडवर हल्ला झाला त्याच वर्षी आले आणि त्यात जर्मनीने ज्यूंचे जे केले त्यापासून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे सुचवले होते. पुढे त्यांच्या वारसदारांनी ते पुस्तक आपले नाही म्हणून झटकले, तो भाग वेगळा. या तिघांना हिटलरमध्ये काय आवडले? त्याने पोलंड जिंकले हे नव्हे. अल्पसंख्याकाने बहुसंख्याकाच्या मर्जीवर राहावे, हा त्याचा नियम आवडला. हाच नियम पुढे आपल्यालाही लागू होतो, हे निळ्या पट्ट्यातल्या पोराला कोणी सांगायचे? शेजारच्या मुसलमान वाडीवर चालून जाणाऱ्या मिरवणुकीत त्याला पुढे चालायला बोलावतात. त्याच गावच्या देवळात, त्याच गावच्या मानपानात त्याची जागा कोणती, हे त्याच्या आजीला विचारावे.

पोलंडबद्दल आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अन्याय झालेला समाज आपोआप न्यायी होत नाही. 1937 पासून पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवले जाई. काही विद्यार्थी तास संपेपर्यंत उभे राहत पण त्या बाकावर बसत नसत. काही प्राध्यापकांनीही निषेध म्हणून उभे राहून शिकवले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेल्या मुलाची लेकरे आपण आहोत. ते बाक आपल्याला दिसले पाहिजेत. यामुळे जर्मनीच्या हल्ल्याला कणभरही समर्थन मिळत नाही. पण त्याच युद्धात पोलंडचे सुमारे 55 ते 60 लाख नागरिक मारले गेले, त्यांतले 30 लाखांच्या आसपास ज्यू होते, आणि वेगळा बाक करणाऱ्या देशाला या माणसांसाठी एकदिलाने उभे राहणे किती अवघड गेले, हा त्या देशाच्या इतिहासातला आजही दुखरा भाग आहे.

आमच्या चळवळीतही 'आता एकच खंबीर नेता पाहिजे, बाकी सगळ्यांनी गप्प बसावे' असे म्हणणारे कमी नाहीत. गटातटांना कंटाळून ते असे म्हणतात, हे आम्हाला कळते. आम्हीही कंटाळलो आहोत. पण 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असे बजावले, तेव्हा जर्मनीचे ढिगारे अजून उपसायचे बाकी होते. हा इशारा फक्त दुसऱ्यांच्या पक्षाला लागू आहे असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही.

बाबासाहेबांनी युद्धात कोणती बाजू घेतली हे पोरांनी त्यांच्याच कृतीवरून ठरवावे. 1941 मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर आले, त्यांनी महार पलटणीसाठी आग्रह धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. 1892 च्या सुमारास ज्यांना 'लढाऊ जात नाही' म्हणून फौजेचा दरवाजा बंद झाला होता, त्यांची नातवंडे आंबोली घाट चढून भरतीला गेली. कोण लढायला जन्मला आणि कोण राबायला, हे रक्तावरून ठरवणाऱ्या राजवटीविरुद्धच्या युद्धात रक्तावरूनच नालायक ठरवलेली माणसे बंदूक घेऊन उभी राहिली.

आणि करूळ घाट चढून कोल्हापूरकडे गेले की वळिवडे लागते. तिथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. हे लोक हिटलरच्या नव्हे तर स्टॅलिनच्या वाट्याला आलेल्या पूर्व पोलंडमधले. 1940-41 मध्ये त्यांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. जुलै 1941 मध्ये पोलंड आणि रशियाचा करार झाल्यावर जे जगले ते सुटले आणि इराणमार्गे इथे आले. त्यांची शाळा होती, चर्च होते, नाटके होत. शाहू महाराजांनी 1902 साली ज्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, माणगावला 1920 साली ज्यांनी बाबासाहेबांना आपल्या माणसांचा पुढारी म्हणून पुढे केले, त्यांच्या मुलखात ही लेकरे वाढली. वॉर्सामध्ये 2017 साली कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभे राहिले. युद्ध संपले तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना परत जायला घर नव्हते, कारण विजेत्यांनी त्यांची गावे रशियाला देऊन टाकली होती. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. ते गेल्यावर रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित आले आणि त्या वसाहतीचे नाव गांधीनगर पडले.